न वाजलेला मोडेम

२००१ सालचा मे महिना. पुण्यात शनिवार पेठेतल्या मामांच्या घरी रविवारी सकाळी सातला एक काम ठरलेलं असे. मामा संगणक सुरू करत, काळ्या पडद्यावर 'नेट' एवढंच टंकून एंटर दाबत. टेबलावरच्या मोडेममधून आधी डायल टोन, मग आकड्यांचे सूर आणि मग ती ओळखीची शीळ नि खरखर ऐकू येई. मिनिटाभरात जोडणी लागे. न्यू जर्सीला राहणाऱ्या मुलीचं पत्र उतरे, रात्रीच लिहून ठेवलेलं मामांचं पत्र जाई आणि फोन लगेच सुटे, कारण टेलिफोनचं मीटर फिरत असे. मामा शाळेतून निवृत्त झालेले. 'नेट' या शब्दामागे काय दडलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. ती छोटी स्क्रिप्ट मी तीन वर्षांपूर्वी लिहून दिली होती.

मुलीनं पाठवलेला यूएसबी प्रिंटर त्यांना जोडायचा होता. यंत्रावर लिनक्सचं २.२ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, होतं. यूएसबीची चांगली सोय २.४ मध्ये होती आणि ते ४ जानेवारी २००१ रोजी प्रसिद्ध झालं होतं. एका शनिवारी दुपारी मी नवं कर्नल स्वतः कंपाइल करून बसवलं. प्रिंटरनं पहिलं पान छापलं, मामींनी पोहे केले, मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सव्वासातला फोन आला, "अरे, मोडेम वाजतच नाहीये."

तो अख्खा रविवार मी ती स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात घालवला. डायल करण्याआधी थांबण्याची वेळ वाढवली. जुनं एक्स्चेंज टोनऐवजी पल्स मागत असेल म्हणून 'एटीडीटी'च्या जागी 'एटीडीपी' घातलं. पासवर्ड पुन्हा टंकला. प्रत्येक बदलानंतर एंटर दाबायचं आणि मोडेमकडे बघत बसायचं. तो गप्पच. संध्याकाळी लक्षात आलं की ज्या ओळी मी बदलत होतो त्या चालतच नव्हत्या. मोडेमला एकही अक्षर जात नव्हतं. मामांना पडद्यावर इंग्रजी ओळींचा पसारा दिसू नये म्हणून सगळे संदेश परस्पर फेकून द्यायची व्यवस्था मीच तीन वर्षांपूर्वी करून ठेवली होती. ती काढली तेव्हा पीपीपीडी हा जोडणी करणारा प्रोग्राम काय म्हणत होता ते वाचता आलं. या यंत्राच्या कर्नलमध्ये पीपीपीची, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट चालवणाऱ्या पद्धतीची, सोय नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. आणि पीपीपीची सोय तर मी कर्नल बांधताना माझ्या हातानं निवडली होती.

जुनं कर्नल मी पुसलं नव्हतं. यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या लिलोच्या यादीतून ते निवडून यंत्र पुन्हा सुरू केलं आणि मूळ स्क्रिप्ट जागेवर ठेवली. पहिल्याच झटक्यात मोडेम वाजला.

म्हणजे स्क्रिप्ट निर्दोष होती. अपग्रेडनंतर लॉगिन स्क्रिप्ट बिघडली, असं आपण सहज म्हणतो, पण बहुतेक वेळा स्क्रिप्टचं एक अक्षरही बदललेलं नसतं. ती जिच्यावर उभी होती ती जमीन सरकलेली असते. शब्दांचा एवढा कीस कशासाठी, असं कुणी विचारेल. मला तो महत्त्वाचा वाटतो. बिघाडाला आपण जे नाव देतो तिथेच आपण पान्हा घेऊन जातो. शिवाय दोष स्क्रिप्टचा ठरला की तो ती वापरणाऱ्याच्या माथी बसतो. 'तुमची जुनी सोय आता चालणार नाही' हे वाक्य मामांसारख्यांना कुठल्या ना कुठल्या खिडकीवर आयुष्यभर ऐकावं लागतं.

जमीन कशी सरकली होती ते सांगतो. २.२ पर्यंत पीपीपीचं काम कर्नलचा एकच भाग करत असे. २.४ मध्ये त्याचे दोन भाग झाले. एक सर्वसाधारण थर आणि दुसरा फोनच्या तारेशी बोलणारा. या दोघांपर्यंत पोचायला 'डेव्ह' या डिरेक्टरीत 'पीपीपी' नावाची नवी डिव्हाइस फाइल लागे, १०८ क्रमांकाची. मॉड्यूलांच्या यादीत नवी टोपणनावं लिहावी लागत. आणि पीपीपीडीची आवृत्ती निदान २.४.० हवी होती. माझ्याकडे २.३ मालिकेतली होती. जुना प्रोग्राम सोय जुन्या जागी शोधत होता, तिथे ती नव्हती, म्हणून ती अस्तित्वातच नाही असं तो सांगत होता. घर बदललेल्या माणसाच्या जुन्या दारावरून कुणी 'या नावाचं कुणी नाही' असा शेरा मारून पत्र परत पाठवावं, तसा हा प्रकार.

त्यात आणखी एक अडचण. नवी पीपीपीडी इंटरनेटवर होती आणि इंटरनेटवर जाण्याचं साधनच बंद होतं. जुनं कर्नल ठेवलं होतं म्हणून सुटलो. नाहीतर सायबर कॅफेत जाऊन फ्लॉपीवर फाइल आणावी लागली असती, आणि त्या काळात अनेकांनी तेच केलं. जोडणीचं साधन बदलताना जुनं चालू ठेवावं, हा धडा कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा त्या फ्लॉप्यांनी जास्त जणांना दिला असेल.

आता एका मूलभूत प्रश्नाकडे येतो. लॉगिन स्क्रिप्ट म्हणजे नक्की काय? ती हुकुमांची यादी आहे असं वाटतं, पण तिची मांडणी संवादाची आहे. हे ऐकू आलं की हे बोल, मग ते ऐकू येईपर्यंत थांब, मग हे बोल. ही रीत डायल-अप इंटरनेटपेक्षा बरीच जुनी. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी लिहिलं. एका युनिक्स यंत्रानं दुसऱ्याला फोन करून फाइली नि पत्रं द्यायची, अशी ती व्यवस्था. पलीकडच्या प्रत्येक यंत्रासाठी एकेक ओळ लिहिलेली असे. त्यात फोन नंबर, वेग आणि शेवटी ऐकायच्या-बोलायच्या जोड्या. भारतात शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारा एर्नेट प्रकल्प सुरू झाला तेव्हा, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यातली ईमेलसुद्धा आधी डायल-अपवरूनच गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला त्यात नुसत्या अक्षरांचं शेल खातं आलं. ते उघडताना समोर येणारं 'लॉगिन' पाहून पहिल्यांदा नाव टंकलेली एक पिढी महाराष्ट्रात आजही कामावर आहे.

या ऐकायच्या-बोलायच्या जोड्यांमध्ये एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचा गाभा त्यात आहे. पलीकडून 'लॉगिन' असा शब्द येणार असतो. स्क्रिप्ट मात्र 'लॉगिन'ची वाट पाहत नाही. ती इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं 'एल' सोडून उरलेल्या 'ओगिन'ची वाट पाहते. तसंच पासवर्ड या शब्दाची पहिली दोन अक्षरं गाळून शेवटच्या तुकड्याची. कारण पहिलं अक्षर कुठे मोठं येतं, कुठे लहान, आणि लाइन लागता लागता खरखरीत ते गळूनही जातं. यूयूसीपीवाल्यांनी तर पुढचीही सोय केली होती. 'ओगिन' ठरलेल्या वेळात ऐकू आलं नाही, तर रागावून फोन ठेवायचा नाही. एकदा नुसतं एंटर पाठवायचं आणि पुन्हा कान द्यायचा.

ज्यांनी हे लिहिलं त्यांना समोरच्याचं बोलणं पूर्ण, शुद्ध आणि ठरल्या रूपातच यावं असा आग्रह नव्हता. जेवढं खात्रीनं येणार तेवढ्यावर त्यांनी भिस्त ठेवली. १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी इंटरनेटच्या टीसीपी या पद्धतीच्या नियमांत लिहून ठेवलं की पाठवताना काटेकोर असावं आणि स्वीकारताना सैल. इंटरनेट उभं करणाऱ्यांचं ते घोषवाक्य झालं. पण कुठलाही सिद्धांत न मांडता, फोन लावणाऱ्या माणसांनी एक 'एल' गाळून हीच वृत्ती अमलात आणली होती. माझा आग्रह असा, की जो दोष आपण छोट्या स्क्रिप्टांना देतो, त्या ठिसूळ असतात, जुगाड असतात हा, तो बहुतांशी अन्यायाचा आहे. चांगली लॉगिन स्क्रिप्ट ही मोठ्या प्रोग्रामांपेक्षा जास्त सहनशील असते. मामांची स्क्रिप्ट तीन वर्षं एंगेज लाइन, पावसाळ्यातली खरखर आणि मध्येच तुटणारे फोन सोसत आली. तिला एकच गोष्ट सोसवली नाही, पायाखालची जमीन न सांगता काढून घेणं.

'न सांगता' हे शब्द मी विचार करून वापरतोय, आणि इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हा बदल चुकीचा नव्हता. पीपीपीचे दोन थर केल्यामुळे तोच सर्वसाधारण थर फोनच्या तारेखेरीज इथरनेटवरून येणाऱ्या ब्रॉडबँडलाही वापरता आला. पुढे घराघरांत डीएसएल आलं तेव्हा त्याचा फायदा झाला. हे काम करणारे पॉल मॅकेरास पीपीपीडीही सांभाळत होते, म्हणजे दोन्ही बाजू जाणणारा माणूस. आणि कर्नलच्या सोर्ससोबत बदलांची एक फाइल येते. कुठल्या प्रोग्रामची निदान कोणती आवृत्ती हवी, याची यादी त्यात असते. पीपीपीचं नाव त्यात स्पष्ट होतं. मी ती वाचली नव्हती. चूक माझी, आणि तिची भरपाई मामांनी एक रविवार चुकवून केली.

तरीही माझा मुद्दा मागे घ्यावासा वाटत नाही. मोडेमच्या पोर्टचंच उदाहरण घ्या. लिनक्समध्ये एकाच पोर्टला दोन नावं होती. फोन करण्यासाठी 'सीयूए' आणि फोन घेण्यासाठी 'टीटीवाय-एस'. पोर्ट आपण वापरतोय हे सांगणारी कुलुपाची फाइल नावावरून बनत असल्यामुळे दोन प्रोग्राम दोन नावांनी एकाच पोर्टला एकाच वेळी हात घालू शकत. ही दुहेरी नावं काढायचं ठरलं ते योग्यच होतं. २.२ पासून कुणी 'सीयूए' वापरलं की कर्नल नोंदवहीत एक ओळ लिहू लागलं, हे नाव कालबाह्य आहे, दुसरं वापरा. किती सभ्य रीत! पण ती ओळ जात होती नोंदवहीत. मामांच्या यंत्रावर त्या दिवशी मी प्रथमच ती वही उघडली, तर दर रविवारी सकाळची एकेक सूचना, ओळीनं, दोन वर्षांची. सूचना दिली गेली होती आणि कुणालाच मिळाली नव्हती. ग्रामपंचायतीनं पाणी बंद राहणार असल्याचा कागद कचेरीच्या आतल्या भिंतीवर लावावा आणि नळावर रांगेत उभ्या बाईला म्हणावं, कागद लावला होता की.

म्हणून बदल करणाऱ्याचं कर्तव्य बदलांची फाइल लिहून संपत नाही. जिथे माणूस अडतो तिथे त्याला कारण कळलं पाहिजे. 'कर्नलमध्ये पीपीपी नाही' हे वाक्य अडलेल्या माणसाला चुकीच्या खोलीत पाठवतं. तिथे 'कदाचित तुमची पीपीपीडी कर्नलपेक्षा जुनी असेल' एवढी शक्यता जरी लिहिलेली असती, तरी तो रविवार वाचला असता. एक वाक्य लिहायला पाच मिनिटं लागतात. ते न लिहिल्यानं किती घरांतले किती तास गेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण ते तास ज्यांचे गेले त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात. कर्नल बदलल्यामुळे वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडता कामा नयेत, हा दंडक लिनस टोरवाल्ड्स यांनी पुढे अनेकदा आणि फार कडक शब्दांत सांगितला. मला तो दंडक सौजन्याचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो. बदलाचा लाभ ज्याला ठरवता येतो, त्याची किंमतही त्यानंच आधी मोजायला हवी.

पाच-सहा महिन्यांनी मामांचा मोडेम पुन्हा निरुपयोगी झाला. या वेळी तो वाजत होता, शीळ घालत होता, आणि पाऊण मिनिटानं फोन ठेवून देत होता. आमच्या बाजूला काहीच बदललं नव्हतं. या वेळी मी शहाणपणा केला. स्क्रिप्टला हात न लावता मिनिकॉम हा साधा टर्मिनल प्रोग्राम उघडला, नंबर स्वतः फिरवला आणि पलीकडून काय येतं ते फक्त पाहिलं. सेवा देणाऱ्यांनी त्यांच्याकडची यंत्रं बदलली होती. आता ती 'लॉगिन' न म्हणता 'यूजरनेम' म्हणत होती. आमची स्क्रिप्ट 'ओगिन'ची वाट पाहत ४५ सेकंद थांबे, कारण न सांगितल्यास ती तेवढंच थांबते, आणि मग निघून जाई. दोष कुणाचाच नव्हता. एकानं प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आणि दुसऱ्याला तो प्रश्न आहे हे कळलं नाही, इतकंच.

ज्यांना कधी अशी दुरुस्ती करावी लागेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी ऐका. विंडोजवर डायल केल्यानंतर टर्मिनलची खिडकी उघडण्याचा पर्याय असे, तो यासाठीच होता. पलीकडचं यंत्र शब्दशः काय म्हणतं ते कागदावर उतरवून घ्या, मोठी-लहान अक्षरं, कोलन, रिकामी जागा सगळं. मी नाव नि पासवर्ड हातानं टंकल्यावर पडद्यावर टिल्ड, महिरपी कंस आणि विचित्र चिन्हांचा कचरा सांडायला लागला. नवशिक्याला वाटतं की बिघडलं. खरं तर ती सर्वांत शुभ खूण. पलीकडून पीपीपी सुरू झाल्याचा तो पुरावा, कारण त्याची प्रत्येक चौकट टिल्डनं सुरू होते.

आणि मग मी ती स्क्रिप्ट जवळजवळ काढूनच टाकली. तो कचरा पाहून मी आणखी एक प्रयोग केला, नाव न देता पीपीपीलाच थेट बोलू दिलं. पलीकडच्या नव्या यंत्राला ते समजलं. नाव-पासवर्डाची देवघेव त्यानं पॅप या पीपीपीच्याच ठरलेल्या पद्धतीनं केली. ही पद्धत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लिहिलेली आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला नियम उपलब्ध असेल, तर शब्द ऐकून अंदाज बांधणाऱ्या स्क्रिप्टचा हट्ट धरू नये. माझं प्रेम स्क्रिप्टवर असलं तरी हे मी मानतो. पण अट एकच, काय काढतोय हे आधी समजलेलं असावं. न समजता काढलेली स्क्रिप्ट आणि न समजता बदललेलं कर्नल यांत मला फरक दिसत नाही.

एक सावधगिरी इथेच. कार्यालयातल्या यंत्रावर, जिथे आधीच नेटवर्क असतं, नवी पीपीपीडी उलटा प्रश्न विचारते की पलीकडच्यानं आधी स्वतःची ओळख पटवावी. सेवा देणारे ओळख पटवत नाहीत, जोडणी तुटते. 'नोऑथ' हा शब्द लिहिला की काम भागतं. पण पुष्कळ जण तो सगळ्यांसाठीच्या ऑप्शन्स फाइलीत लिहून मोकळे होतात, आणि मग त्या यंत्रावर बाहेरून फोन करणाऱ्यालाही कुणी ओळख विचारत नाही. तो शब्द त्या एका नंबरच्या स्वतंत्र फाइलीतच असावा.

विंडोजबद्दल थोडक्यात, कारण तिथला माझा अनुभव कमी. विंडोज ९५ मध्ये स्क्रिप्टचं साधन सीडीच्या एका कोपऱ्यात ठेवलेलं होतं, ९८ मध्ये ते आपोआप आलं, आणि 'वेटफॉर', 'ट्रान्समिट' अशा शब्दांत लिहिलेली तीच भाषा २००१ च्या एक्सपीनंही ओळखली. पर्यायाची जागा मात्र दर वेळी वेगळ्या टॅबवर. जागा बदलल्याचा त्रास होतो, पण भाषा टिकवली याचं श्रेय दिलं पाहिजे. याच्या उलट स्वस्तातले अंतर्गत मोडेम. त्यांचं निम्मं काम ड्रायव्हर करत असे, त्या ड्रायव्हरचा सोर्स कुणाला मिळत नसे, आणि एका कर्नलसाठी बांधलेला तुकडा दुसऱ्यावर चालत नसे. तिथे ऐकून, शोधून, लिहूनही काही साधत नाही. ज्या वस्तूची दुरुस्ती कायद्यानं नाही तर बांधणीनंच अशक्य केलेली आहे, ती घेताना स्वस्त वाटते आणि पहिल्या अपग्रेडला महाग पडते.

हे सगळं संपलेल्या काळाचं आहे असं कुणी मानू नये. अमेरिकेत एओएलनं आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, हे खरं. पण आपल्याकडे सीडीएमए डेटा कार्डांवर '#७७७' फिरवून जोडणी करणारे लाखो लोक नकळत तीच स्क्रिप्ट वापरत होते. जीएसएम मोडेमला आजही '*९९#' डायल करता येतं, आणि रानात, टाकीवर, मीटरच्या पेटीत बसवलेली कितीतरी छोटी यंत्रं अजून 'एटी' या मोडेमच्या हुकुमानंच बोलणं सुरू करतात. तिथेही अपग्रेड पोचतात. तिथे पोहे करणारी मामी नसते आणि 'मोडेम वाजत नाहीये' असा फोन करणारंही कुणी नसतं.

म्हणून पुण्या-मुंबईत, बंगळुरात, न्यू जर्सीत प्रणाली लिहिणाऱ्या आणि बदलणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. एखादी जुनी वाट बंद करताना, तिथे येऊन अडणाऱ्यासाठी नवी वाट कुठे आहे ते त्याच ठिकाणी, त्याला कळेल अशा एका वाक्यात लिहा. आणि घरच्या कुणाचं यंत्र अपग्रेड करून द्याल, तर प्रिंटरनं पान छापलं म्हणून उठू नका. त्या माणसाला खुर्चीवर बसवा, त्याचं रोजचं काम त्याच्या हातानं एकदा करायला लावा, आणि ते झालेलं पाहूनच घरी जा.